इंग्रजीच्या पेपरातलं लांब वाक्य: चूक कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची

इंदुरात भंवरकुआंच्या क्लासेसना जाणाऱ्या मराठी मुलामुलींना व्याकरणाचे नियम येत नाहीत, असं सहसा नसतं. ‘ऑल्दो’ असेल तर ‘बट’ नको, ‘अनलेस’ असेल तर ‘नॉट’ नको, हे सगळं तोंडपाठ असतं. शिवाय फोटोकॉपीच्या दुकानातून आणलेला नियमांचा जाडजूड गठ्ठा असतोच. तरीही एसएससीच्या, म्हणजे सरकारी भरती करणाऱ्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, पेपरात तीन ओळींचं वाक्य आलं की उत्तर चुकतं. नियम लावायची जागा आधी सापडावी लागते, आणि ती शोधायला बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी पर्याय वाचायचे आणि कानाला गोड लागेल तो निवडायचा.

दुसरी खोड त्याहून चिवट आहे. वाक्याचा मनातल्या मनात मराठीत अर्थ लावायचा, तो नीट लागला की वाक्य बरोबर समजायचं. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि दोन्ही भाषा नेमक्या त्याच चुका झाकतात. ‘जरी… तरी’ आणि ‘हालाँकि… लेकिन’ दोन्ही शुद्धच, मग ‘ऑल्दो… बट’ खटकणार कसं?

म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. एक प्रधान वाक्य आणि त्याला जोडलेली एक-दोन गौण वाक्यं, अशा मिश्र वाक्यात आधी काय पाहायचं, मग काय पाहायचं. उदाहरणं वाचताना वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्या. नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

## आधीची तयारी

प्रश्नाचे प्रकार ओळखायला शिका. ‘एरर स्पॉटिंग’मध्ये वाक्याचे तुकडे पाडलेले असतात आणि कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं असतं. ‘सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट’मध्ये एक भाग अधोरेखित असतो आणि त्याच्या जागी काय बसेल ते निवडायचं असतं. दुसऱ्या प्रकारात अधोरेखित नसलेला भाग बरोबरच धरायचा. तो बदलता येत नाही, म्हणजे तोच तुमचा साक्षीदार. काळ, कर्ता, जोडशब्द, सगळं त्याच्याशी जुळवायचं. अधोरेखित तुकडाच तेवढा वाचणारे हा साक्षीदार फुकट घालवतात.

जुने पेपर गोळा करा. एसएससी उत्तरतालिका प्रसिद्ध करते, त्यामुळे जुने प्रश्न अधिकृत उत्तरांसह मिळतात. ‘तीनशे नियम’ छापाच्या नोट्सपेक्षा हे जास्त कामाचे.

एक वही वेगळी ठेवा. त्यात नियम लिहू नका. चुकलेलं वाक्य पूर्ण लिहा, खाली दुरुस्त वाक्य लिहा, आणि समासात एकच गोष्ट लिहा: खालच्या कोणत्या पायरीवर ते निसटलं. पंधरावीस वाक्यं झाली की आपली खोड कुठे आहे ते समासात दिसायला लागतं.

सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवा. सीजीएल या एसएससीच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे टिअर १ मध्ये, १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे सरासरी ३६ सेकंद मिळतात, हे खरं. पण क्रम अंगवळणी पडण्याआधी वेग वाढवला तर जुनी सवयच वेगाने होते.

## पायरी १: पर्याय झाका आणि पूर्णविरामापर्यंत जा

शब्दशः झाका, तळहाताने किंवा कागदाने. संगणकावर सराव करत असाल तर पान थोडं वर सरकवा. वाक्य एकदा सलग वाचा, मध्ये थांबून दुरुस्ती करू नका. या वाचनात एवढंच ठरवायचं: मुख्य गोष्ट कोण करतोय आणि काय करतोय.

इशारा: पहिल्याच तुकड्यात काहीतरी ‘विचित्र’ दिसलं म्हणून तिथेच थांबू नका. पेपर काढणारा ते विचित्र वाटणारं पण शुद्ध रूप मुद्दाम ठेवतो. ‘द कलेक्टर ऑर्डर्ड दॅट द रोड बी क्लोज्ड’ यातलं ‘बी’ बरोबर आहे.

## पायरी २: क्रियापदं मोजा, जोडशब्द मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, बाकीच्या बऱ्याचशा पायऱ्या इथूनच निघतात.

काळ दाखवणारी क्रियापदं मोजायची. ‘हॅज बीन वेटिंग’ हे मिळून एक. ‘टू गो’, सुरुवातीचं ‘वॉकिंग’, ‘हॅविंग सीन’ ही मोजायची नाहीत, कारण ती एकटी काळ दाखवत नाहीत. ‘ऑर्डर’, ‘सजेस्ट’, ‘डिमांड’ यांच्यानंतर ‘दॅट’मागे येणारं ‘बी’ किंवा ‘गो’ मात्र मोजायचं, कारण त्याला स्वतःचा कर्ता असतो.

मग जोडशब्द: दॅट, विच, हू, व्हेन, इफ, बिकॉज, ऑल्दो, बिफोर, अंटिल, अँड, बट, सो. दुसऱ्याच्या तोंडचा प्रश्न सांगताना येणारे व्हेअर, व्हाय, हाऊ हेही जोडशब्दच. ‘नो सूनर… दॅन’सारखी जोडी एकच धरा. आणि ज्याच्यामागे क्रियापद येतं तोच मोजा. ‘बिफोर नून’मधलं ‘बिफोर’ काही जोडत नाही.

हिशोब साधा आहे: जोडशब्द क्रियापदांपेक्षा एकाने कमी हवेत.

‘ऑल्दो द बस टू देवास वॉज लेट, बट वी रीच्ड ऑन टाइम.’ क्रियापदं दोन, वॉज आणि रीच्ड. जोडशब्द दोन, ऑल्दो आणि बट. एक जास्त झाला. ‘बट’ काढा. नियम आठवावा लागला नाही, मोजून चूक सापडली.

‘इट वॉज रेनिंग हेवीली, वी स्टेड ॲट होम.’ क्रियापदं दोन, जोडशब्द शून्य. स्वल्पविराम दोन वाक्यं जोडत नाही. ‘ॲज’ किंवा ‘सो’, यांपैकी एक हवा. ‘ॲज… सो’ अशी जोडी करायची नाही, तिथे पुन्हा एक जास्त होतो.

‘द मॅन हू रिपेअर्ड अवर कूलर ही लिव्ह्ज इन मल्हारगंज.’ इथे जोडशब्दांचा हिशोब बरोबर येतो, पण कर्ते मोजा. ‘लिव्ह्ज’ला ‘द मॅन’ आहे, पुन्हा ‘ही’ कशाला? आपल्याकडे ‘जो माणूस आला तो’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, म्हणून हा ‘ही’ डोळ्यांना दिसतच नाही. ‘द शॉप विच आय टोल्ड यू अबाउट इट’ यातल्या शेवटच्या ‘इट’चीही तीच गत.

तपासा: हिशोब एकाने कमी पडला तर लगेच चूक म्हणू नका. तीन ठिकाणी जोडशब्द लपलेला असू शकतो. ‘ही सेड ही वॉज टायर्ड’मध्ये ‘दॅट’ गाळलाय. ‘द बुक आय बॉट’मध्ये ‘विच’ गाळलाय. ‘हॅड आय नोन’मध्ये ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणलंय. तिन्ही शुद्ध. हिशोब एकाने जास्त भरला तर मात्र सहसा चूकच. अपवाद ‘दो… येट’ या जोडीचा, जुन्या धाटणीची व्याकरणं ती चालवून घेतात.

## पायरी ३: मधला मजकूर झाका, कर्ता-क्रियापद जुळवा

आता प्रत्येक क्रियापदाला विचारा, तुझा कर्ता कोण? कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये जे घुसवलंय त्यावर बोट ठेवा.

‘द क्वालिटी ऑफ द मँगोज विच द ट्रेडर्स सेंट वेअर पुअर.’ बोटाखाली काय राहिलं? ‘द क्वालिटी… वेअर’. झालं, ‘वॉज’ हवं. ‘ॲज वेल ॲज’, ‘अलॉन्ग विथ’, ‘टुगेदर विथ’ यांच्यामागची माणसं कर्त्यात धरायची नाहीत. ‘नायदर… नॉर’ असेल तर क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं.

या पायरीवरचा एकच अवघड प्रकार ‘वन ऑफ’चा. ‘ही इज वन ऑफ द प्लेअर्स हू हॅज वन मेडल्स’ (यातलं दुसरं ‘वन’ म्हणजे जिंकणं) चुकीचं आहे. ‘हू’ हा ‘प्लेअर्स’ला चिकटलाय, म्हणून ‘हॅव’. पण मागे ‘द ओन्ली वन ऑफ’ असेल तर ‘हॅज’, कारण तेव्हा ‘हू’ त्या एकट्यापुरता असतो. ‘वन ऑफ’ दिसलं की एकवचन, असं पाठ करून ठेवलेलं इथे हमखास दगा देतं. गौण वाक्य नसेल तेव्हाच ते चालतं: ‘वन ऑफ द प्लेअर्स इज इंजर्ड’.

## पायरी ४: काळ जुळवा

मराठीत आपण म्हणतो, ‘तो म्हणाला की मी आजारी आहे.’ म्हणणं भूतकाळातलं, आजारपण वर्तमानात, आणि काही बिघडत नाही. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वॉज इल’. प्रधान वाक्य भूतकाळात असेल तर गौण वाक्यही भूतकाळात. सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायमच्या सत्याला सूट आहे, तेवढीच लक्षात ठेवा.

वेळ किंवा अट सांगणारा जोडशब्द असेल, म्हणजे व्हेन, इफ, अंटिल, अनलेस, ॲज सून ॲज, तर भविष्याबद्दल बोलतानाही त्याच्या गौण वाक्यात ‘विल’ नको. ‘व्हेन द रेन्स विल स्टॉप, वी विल गो टू पाताळपाणी’ यातलं पहिलं ‘विल’ काढायचं आणि ‘स्टॉप’ राहू द्यायचं. ‘पाऊस थांबेल तेव्हा जाऊ’ हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की हे ‘विल’ दर वेळी मुद्दाम शोधावं लागतं.

‘अंटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्या पोटातच नकार आहे. ‘जोपर्यंत तू येत नाहीस’, ‘जब तक तुम नहीं आते’ या दोन्ही रूपांत ‘नाही’ आहे, म्हणून ‘अंटिल यू डोन्ट कम’ हातून सहज लिहिलं जातं. ‘लेस्ट’चंही तसंच, आणि त्याच्यामागे ‘शुड’ येतं.

अटीच्या वाक्यांत जोड्या ठरलेल्या आहेत. ‘इफ… कम्स’ला ‘विल’. ‘इफ… केम’ला ‘वुड’. ‘इफ… हॅड कम’ला ‘वुड हॅव’. इथे नेहमी होणारी चूक ‘इफ ही वुड हॅव कम’ ही आहे. ‘इफ’च्या घरात ‘वुड हॅव’ला जागा नाही.

इशारा: ‘इफ’ दिसला की ‘विल’ खोडायची घाई करू नका. ‘इफ’चा अर्थ ‘की नाही’ असा असेल, किंवा ‘व्हेन’ म्हणजे ‘कधी’ असा प्रश्न असेल, तर ‘विल’ बरोबर असतं. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ शुद्ध आहे.

## पायरी ५: पोटातल्या प्रश्नाचा क्रम

‘कॅन यू टेल मी व्हेअर डझ ही लिव्ह?’ हे वाक्य इंदूरच्या रस्त्यावर इतक्यांदा ऐकू येतं की कान तक्रारच करत नाही. दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलेला प्रश्न प्रश्न राहत नाही, तिथे आधी कर्ता, मग क्रियापद. ‘डझ’ काढला की त्याने धरून ठेवलेला काळ क्रियापदाला परत द्यायचा: ‘व्हेअर ही लिव्ह्ज’. ‘डिड’ असेल तर भूतकाळाचं रूप. ‘डझ’ काढून नुसतं ‘व्हेअर ही लिव्ह’ ठेवलेला पर्याय जवळजवळ नेहमी यादीत असतो, घाईत तोच निवडला जातो.

याच पायरीवर ‘की’ पकडा. ‘त्याने विचारलं की तू कुठे जातोस’ यामुळे ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय वॉज गोइंग’ होतं. पायरी २ चा हिशोब केला असेल तर हा जादा ‘दॅट’ आधीच सापडलेला असतो.

## पायरी ६: हू की हूम

क्लासमध्ये सांगतात, कर्ता असेल तर ‘हू’, कर्म असेल तर ‘हूम’. बरोबर आहे, पण मध्ये ‘वी थॉट’, ‘आय बिलीव्ह’ आलं की सगळे गडबडतात. ते दोन शब्द झाका. ‘द मॅन हूम वी थॉट वॉज अ थीफ’मधून ‘वी थॉट’ झाकलं तर ‘हूम वॉज अ थीफ’ उरतं. ‘वॉज’ला कर्ता हवाय, म्हणून ‘हू’. ‘द मॅन हूम वी मेट’मध्ये मात्र ‘मेट’चा कर्ता ‘वी’ आहे, म्हणून ‘हूम’ योग्य.

## पायरी ७: सुरुवातीचं लटकतं शेपूट

वाक्य ‘-इंग’च्या रूपाने किंवा ‘हॅविंग’ने सुरू होत असेल तरच ही पायरी. विचारा, हे कोण करतंय? उत्तर स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवं.

‘वॉकिंग अलाँग द खान रिव्हर, अ डॉग बिट हिम.’ चालत कोण होतं? तो. स्वल्पविरामानंतर कोण आहे? कुत्रा. म्हणून चूक. हे वाक्य मराठीत करून पाहाल तर फसाल, कारण ‘नदीकाठाने चालताना त्याला कुत्रा चावला’ यात काहीच वावगं नाही. दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक तर पुढचा कर्ता बदला, किंवा शेपटाचं पूर्ण गौण वाक्य करा: ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग’. कोणती निवडायची ते अधोरेखित भाग सांगतो. ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ यांना हा नियम लागत नाही.

## पायरी ८: ठरलेल्या जोड्या आणि त्यांची जागा

हार्डली आणि स्केअर्सली यांच्याबरोबर व्हेन, नो सूनर बरोबर दॅन, सच बरोबर ॲज किंवा दॅट, द रीझन बरोबर दॅट. इथे पाठांतराला पर्याय नाही. ‘नो सूनर’ वाक्याच्या सुरुवातीला आलं तर सहायक क्रियापद कर्त्याआधी: ‘नो सूनर हॅड ही लेफ्ट दॅन…’

जोडी बरोबर असूनही जागा चुकू शकते. ‘ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज टिकट बट ऑल्सो हिज लगेज.’ एका बाजूला क्रियापद, दुसऱ्या बाजूला नाम. ‘ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज टिकट बट ऑल्सो हिज लगेज’ असं हवं.

इंग्रजी बातम्यांत, सिनेमांत, खुद्द इंग्रजांच्या बोलण्यात ‘द रीझन इज बिकॉज’ ऐकू येतं, मग चूक कशी, असं मुलं विचारतात. वाद घालण्यासारखा मुद्दा आहे, पण परीक्षेच्या खोलीत घालण्यासारखा नाही. उत्तरतालिका जुन्या पुस्तकी व्याकरणाने चालते.

## पायरी ९: आता पर्याय उघडा

तोवर तुमच्या मनात दुरुस्ती तयार असायला हवी. तीच पर्यायांत शोधा. सापडली तरी ती वाक्यात बसवून पूर्ण वाक्य पुन्हा वाचा. जुनी चूक काढून नवी घालणारा एखादा पर्याय असतोच: काळ सुधारलेला, पण वचन बिघडवलेलं.

दोन पर्याय व्याकरणाने चालत असतील तर मूळ अर्थ न हलवणारा घ्या. ‘नो इम्प्रूव्हमेंट’ हे ‘मला काही सापडलं नाही’ याचं दुसरं नाव नाही. लागू पडणाऱ्या पायऱ्या करून झाल्या असतील तरच ते निवडा. टिअर १ मध्ये इंग्रजीचे २५ प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असतात आणि चुकीच्या उत्तराला ०.५० गुण कापले जातात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर द्यायला हरकत नाही. एकही बाद होत नसेल तर पुढे चला.

‘एरर स्पॉटिंग’मध्ये एक जास्तीची अडचण असते: ‘ऑल्दो’ एका तुकड्यात, ‘बट’ दुसऱ्यात, कोणताही काढला तरी वाक्य सुधारतं. अशा वेळी उत्तर बहुधा दुसऱ्या जोडशब्दाचा तुकडा असतं.

## सगळं एका वाक्यावर

‘द रिपोर्ट विच द कमिटी सबमिटेड लास्ट वीक सजेस्ट दॅट द ओल्ड ब्रिजेस बी रिपेअर्ड बिफोर द रेन्स बिगिन.’

बहुतेकांचं बोट ‘बी रिपेअर्ड’वर जातं, काहींचं ‘बिगिन’वर. मोजून बघा. क्रियापदं चार: सबमिटेड, सजेस्ट, बी रिपेअर्ड, बिगिन. जोडशब्द तीन: विच, दॅट, बिफोर. हिशोब बरोबर, म्हणजे जोडणीत चूक नाही. पायरी ३ ला ‘विच’पासून ‘वीक’पर्यंत झाका, ‘द रिपोर्ट… सजेस्ट’ उरतं. ‘सजेस्ट्स’ हवं. चूक सापडली तरी बाकीची दोन ठिकाणं तपासा: ‘सजेस्ट… दॅट’नंतर ‘बी’ शुद्ध, वेळेच्या ‘बिफोर’नंतर ‘विल’ नाही तेही शुद्ध.

परीक्षेत नऊच्या नऊ पायऱ्या प्रत्येक वाक्यावर करायच्या नाहीत. १, २, ३ आणि ९ नेहमी. मधल्या पायऱ्या खूण दिसली तरच: ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अंटिल’सारखा जोडशब्द किंवा ‘सेड’ दिसला तर ४, पोटात प्रश्नार्थक शब्द दिसला तर ५, ‘हू’ किंवा ‘हूम’ला ६, सुरुवातीला ‘-इंग’ असेल तर ७, जोडीचा पहिला शब्द दिसला तर ८.

## हात बसण्यासाठी

उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

१. द टीचर आस्क्ड अस दॅट व्हाय वी वेअर लेट.
२. आय वोन्ट लीव्ह राजवाडा अंटिल यू डोन्ट कॉल मी.
३. नो सूनर डिड द गेट ओपन व्हेन द क्राउड रश्ड इन.
४. शी इज वन ऑफ द क्लर्क्स हू नोज तमिळ.
५. आय डू नॉट नो इफ ही विल कम टुमॉरो.

पहिल्यात ‘दॅट’ जास्तीचा आहे, पायरी २. दुसऱ्यात ‘अंटिल यू कॉल मी’, पायरी ४. तिसऱ्यात ‘व्हेन’च्या जागी ‘दॅन’, पायरी ८. चौथ्यात ‘नोज’च्या जागी ‘नो’ हवं, कारण ‘हू’ क्लर्क्सना जोडलाय, पायरी ३. पाचव्यातलं ‘विल’ खोडलं असेल तर पायरी ४ खालचा इशारा पुन्हा वाचा, त्या वाक्यात चूक नाही.